शिळ्या पाण्याचा जिना

"कसं पडलात?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर आता तोंडातून आपसूक बाहेर पडतं. जिन्यावरून घसरलो, तीन पायऱ्या, जिना ओला होता. केसपेपर लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं, एक्स-रे काढणाऱ्यानं विचारलं, एमआरआयच्या खोलीबाहेर घड्याळ, पट्टा, किल्ल्या काढून घेणाऱ्या माणसानंही विचारलं. आमच्या शाळेतल्या शिपायानं तर विचारून वर उपायही सांगितला. त्याच्या मेव्हण्याला असंच झालं होतं म्हणे, एरंडाच्या पानांनी गुण आला. एरंडाची पानं मी बांधली. निर्गुडी बांधली. आंबेहळद उगाळून लावली, तिचे पिवळे डाग उशीच्या अभ्र्यावर अजून आहेत. कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, सल्ला आला की मान हलवायची, आणि पाय उशीवर टाकून भिंतीवरची पाल बघत बसायचं.

उत्तर खोटं होतं. आणि त्या खोट्याचं ओझं दोन वर्षं माझी बायको वाहत होती, कारण जिना तिनं धुतला होता.

हे समजायला आधी आमच्याकडचं पाणी समजलं पाहिजे. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीला नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात जे साठवलेलं असतं ते शिळं ठरतं. त्याला झालेलं काही नसतं. सकाळपर्यंत आपण तेच प्यालेलो असतो. पण नवं आलं की ते शिळं. मग ते अंगणात, ओट्यावर, जिन्यावर ओतायचं, हंडे-पिंपं घासायची आणि नवं भरायचं. चार दिवस तांब्यातांब्यानं जपलेलं पाणी अर्ध्या तासात गटारीला. मी शाळेत विज्ञान शिकवतो. लग्नानंतर एकदा हरकत घेऊन पाहिली होती. "मग तुम्ही प्या की ते," असं उत्तर आलं. तेव्हापासून मी बोललेलो नाही. तसाही मी कमी बोलतो.

आमचं रो-हाऊस आहे. खाली एक खोली, हौद आणि पाण्याची मोटार. आम्ही वर राहतो. जिना बाहेरून, तेरा पायऱ्यांचा, शहाबादी फरशीचा. शेजारच्या घरात आपा राहतात. उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा, म्हणजे त्यांचे 'साहेब', वारल्यापासून एकट्या. मध्ये सहा फुटांची भिंत. दोन्ही घरांची नळजोडणी एकाच पाइपातून फुटते आणि आपांचं घर आमच्या आधी येतं. त्यांचा हौद भरेपर्यंत आमचा नळ नुसता फुसफुसतो.

त्या दिवशी मे महिना होता आणि पाणी दुपारी साडेतीनला आलं. दाब कमी. बायको वर शिळं पाणी ओतत होती, मी खाली नळापाशी उभा. करंगळीएवढी धार. आणि भिंतीपलीकडे आपांच्या हौदात धो धो आवाज. एकट्या बाईला किती पाणी लागतं, असा मी हिशेब केला. विज्ञानाच्या माणसाला असे हिशेब लगेच जमतात. आपा आत झोपलेल्या असणार होत्या. मी एक पिंप उपडं घालून भिंतीवर चढलो, पलीकडे उतरलो आणि त्यांच्या जोडणीचा कॉक दोन बोटांनी फिरवून बंद केला.

पंधरा मिनिटांनी परत येऊन उघडीन, असं मी ठरवलं होतं. हे मनाशी इतक्यांदा म्हणून झालंय की आता ते माझं मलाच खरं वाटत नाही.

येताना त्यांच्या बाजूनं चढायला कुंड्यांचा कट्टा होता. आमच्या बाजूचं पिंप चढताना लवंडलं होतं, उतरायला काही नव्हतं. वय पन्नास, वजन ब्याऐंशी किलो, पायात रबरी स्लिपर. मी उडी मारली. उजवा पाय आमच्या हौदाच्या लोखंडी झाकणाच्या कडेवर पडला, पंजा वर दुमडला आणि आतून आवाज आला. फळ्यावर लिहिताना खडू मोडतो तसा.

लंगडत, भिंत धरत मी जिन्यापर्यंत आलो आणि तिसऱ्या पायरीवर बसलो. वरून बायको रिकामी बादली घेऊन उतरत होती.

"अगं बाई! घसरलात? तरी मी वरून ओरडत होते, पाणी टाकलंय, पाणी टाकलंय म्हणून!"

मी म्हटलं, "हो."

मी गोष्ट रचली नाही. ती तयारच होती. मी फक्त हो म्हटलं.

तिनं बादली टाकली आणि माझा पाय मांडीवर घेऊन रडायलाच लागली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सूज उतरेल, मग कशाला बोला. सूज उतरली नाही. पलीकडचा कॉकही बंदच राहिला. आपांना त्या दिवशी पाणी मिळालं नाही आणि पुढच्या पाळीलाही मिळालं नाही. शेवटी त्यांनी प्लंबर बोलावला. कॉक कुणीतरी मुद्दाम फिरवलाय हे कळल्यावर त्यांनी गल्लीतल्या चावीवाल्यावर संशय घेतला. हा माणूस लांब लोखंडी चावीनं गल्लीचा वॉल्व्ह सोडतो. आपांनी त्याला वेळेवरून एकदा फैलावर घेतलं होतं, त्याचा त्यानं दावा साधला, असं त्यांनी पक्कं केलं. आणि त्याच आठवड्यात त्या साहेबांचा वॉकर घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"लेव सर. साहब का है. पडलेलाच है घर में."

त्या वॉकरच्या उजव्या पायाचं रबर झिजलेलं आहे. साहेब उजवीकडे भार टाकत असावेत. दोन वर्षं मी तोच वापरतोय.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "तीन पायऱ्या ना? मुरगळला असेल. पट्टी बांधा. आठ दिवसांत नाही उतरला तर एक्स-रे काढू." आठ दिवसांत नाही उतरला. मी एक्स-रे काढायला गेलो नाही. तिथं परत कुणीतरी विचारणार, कसं पडलात. एका हो वर निभावलं होतं, दुसरा हो कशाला खर्च करा. बायकोचं माहेर वेळापूरचं. तिच्या भावानं तिकडच्या एका हाडवैद्याकडं नेलं. त्यानं अंगठ्यानं घोटा चाचपला.

"कुटनं पडला ओ?"

"जिन्यावरून. तीन पायऱ्या."

"तीन पायऱ्यानं हाड मोडत न्हाय. शिर सरकलीया. चालत ऱ्हावा, बसून ऱ्हायला तर पाय आखडंल."

माणूस प्रामाणिक होता. मी जे सांगितलं त्यावर त्यानं उपाय केला. आणि मी मोडलेल्या घोट्यावर चार महिने चाललो. मैदानाला फेऱ्या मारल्या. सहावीपासून दहावीपर्यंत उभं राहून शिकवलं, अगदी रक्ताभिसरणाचा धडासुद्धा.

घोट्याच्या आत एक हाड असतं, ज्याच्यावर अख्खं अंग उभं असतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी मोजक्या. त्या तुटल्या की हाडाला रक्त मिळत नाही आणि हाड मरतं. चार महिन्यांनी पाऊल टेकेनासं झालं तेव्हा हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी हे मला एमआरआयचा फोटो दिव्यावर धरून सांगितलं. एव्हीएन, असं म्हणाले. मी जे पुस्तक शिकवतो त्यात या हाडाचं नावही नाही. बायकोनं विचारलं, "मेलं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मेलं." घरी येऊन तिनं सगळ्यांना फोनवर सांगितलं, ह्यांचं हाड सुकलंय. मेलंय हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही.

मग सुरू झाला खरा वैताग. हाड का मेलं ते शोधायचा. कारण तीन पायऱ्यांवरून घसरून हे हाड असं मरत नाही.

"साहेब घेतात का?" डॉक्टरांनी बायकोला विचारलं.

"काय घेतात?"

"दारू."

"अहो, ताक आंबट झालं तरी पीत नाहीत ते!"

स्टेरॉइडच्या गोळ्या? दम्याचं औषध? कुणाकडून पुड्या? रक्ताचे काही आजार घराण्यात? हातातून बाटल्याच्या बाटल्या रक्त काढलं. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टरांच्या कपाळावर आणखी एक आठी. मी समोर बसून असायचो. मला एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

पायावर भार टाकायचा नाही म्हणून सहा महिने घरी. मग हाडाला ड्रिलनं भोकं पाडली, रक्त परत फिरतंय का बघायला. ते फिरलं नाही. शाळेत रुजू झालो ते खुर्चीवर. नववीची पोरं माझ्यामागून वॉकरचा आवाज काढतात, टक्-घस्स, टक्-घस्स. मला येतो ऐकू.

पण मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो जिन्याचा. जिना मी बसून चढतो. पाठ वरच्या बाजूला करून, एकेक पायरी, हातांवर जोर देत, लहान मूल चढतं तसं. आणि बायको दरवेळी माझ्याबरोबर, एक हात माझ्या पाठीमागं धरून. तिनं जिन्याला रबरी मॅट लावले. त्या दिवसापासून जिन्यावर पाण्याचा थेंब टाकला नाही. पाणी यायच्या दिवशी शिळं पाणी बादल्याबादल्यांनी मागच्या मोरीत नेऊन ओतते. गुडघे दुखतात तिचे, तरी. कोरड्या झाडूनं झाडून झाडून शहाबादी फरशी राखेसारखी झाली. मी एकदा म्हटलं, "धू की, मी काय तेव्हा उतरणार नाही."

"एकदा धुतला तेवढा पुरे झाला," ती म्हणाली.

यावर मी काय केलं? हातांवर जोर देऊन पुढची पायरी चढलो.

परवा परवापर्यंत हे असंच चालू होतं. या मे महिन्यात परत एमआरआय झाला. हाडाचा माथा खचायला लागलाय. आता घोट्याचा सांधा स्क्रू घालून कायमचा जखडून टाकायचा, असं ठरलं. त्यात लंगडून लंगडून माझी कंबर दुखायला लागली होती. ते ऐकून डॉक्टर पेन खाली ठेवून बसले.

"मोठा मार नाही, व्यसन नाही, गोळ्या नाहीत. अशा पेशंटला एका हाडावर थांबत नाही कधीकधी. खुब्याला होऊ शकतं. दुसऱ्या पायाला होऊ शकतं. ऑपरेशनच्या आधी दोन्ही खुबे तपासू. आणि पुढं दर सहा महिन्यांनी."

बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टर, माझ्यामुळंच झालं सगळं. जिना मीच धुतला होता."

डॉक्टर पहिल्यांदाच जरा मऊ झाले. "ताई, जिन्याचं मनातून काढून टाका. ओल्या जिन्यानं हे होत नाही. काहीतरी वेगळं आहे, जे आपल्याला कळलेलं नाही. किंवा सांगितलं गेलेलं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही, पण तिचं पाहणं मला कळलं. दोन वर्षांचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरवायला माणूस समोर बसला होता. फक्त त्याची किंमत अशी होती की नवऱ्यावर संशय घ्यायचा. मग ती डॉक्टरांकडं वळली.

"नाही डॉक्टर. पाणी लई होतं हो जिन्यावर. मीच टाकलं होतं."

मी आयुष्यात एवढा लहान कधी झालो नव्हतो.

रिक्षात बसल्यावर ती रिक्षावाल्याला म्हणाली, "नवी पेठेतून घ्या." मला पाय आडवा टाकून रिक्षातच बसवलं आणि ती दुकानात शिरली. बाहेर माणसांचा चिकचिकाट, घाम, हॉर्न. रिक्षावाला मला म्हणाला, "काका, पाय आत घ्या, कुणी धडकंल." दहा मिनिटांनी ती परत आली ती मांडीवर रबरी मॅटचा गुंडाळा घेऊन.

"वरच्या चार पायऱ्यांना नवं लावते. जुनं गुळगुळीत झालंय."

मी म्हटलं, "मॅट परत कर."

"का? रंग नाही आवडला?"

"मी जिन्यावरून पडलो नाही."

"आता पडलात असं कुठं म्हणतेय मी?"

"तेव्हा. तेव्हा पडलो नाही."

रिक्षा सुरू झाली होती. ती थोडी वळून बसली. "मग कुठून पडलात?"

"भिंतीवरून."

"कुठल्या?"

"आपांच्या."

"भिंतीवर काय करत होता तुम्ही?"

"परत येत होतो."

"कुठून परत? अहो, एकेक शब्द काय मागून घ्यायचा का मी?"

"त्यांचा कॉक बंद करून. आपल्याला धार येत नव्हती म्हणून. मग उडी मारली. हौदाच्या झाकणावर."

पुढच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मला वाटलं, पाण्याबद्दल बोलेल, आपांबद्दल बोलेल. तिनं विचारलं ते वेगळंच.

"मी घसरलात का म्हटल्यावर तुम्ही हो म्हणालात."

"तू म्हणालीस म्हणून."

"मी म्हणाले म्हणून!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं वळून पाहिलं. "मी म्हणाले म्हणून? दोन वर्षं देवापुढं उभी राहून मी काय मागत होते माहितीय? दोन वर्षं!"

मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं होतं, पण..."

रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "काका, आता तुमी गप ऱ्हावा की."

तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि डॉक्टरांना लावला.

"डॉक्टर, मघाशी येऊन गेले ती मीच. ह्यांचा जिना कॅन्सल करा. भिंत होती. सहा फूट. उडी मारली ह्यांनी, लोखंडावर."

पलीकडून डॉक्टर इतक्या मोठ्यानं बोलले की मलाही ऐकू आलं. "अहो, मग फ्रॅक्चर होतं ते! तेव्हाच प्लास्टर झालं असतं तर कदाचित वाचलं असतं. दोन वर्षं काय करत होते हे?"

"मॅट लावून घेत होते," ती म्हणाली.

खुबे तपासायची गरज नाही, कंबर लंगडण्यामुळं दुखतेय, असं डॉक्टर म्हणाले. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. "दुसऱ्या पायाला नाही ना होणार? नक्की ना?" मग फोन ठेवला, आणि तेव्हा कुठं तिला रडू आलं. मॅटचा गुंडाळा तसाच मांडीवर होता.

त्यानंतरचे चार दिवस घरात ताट वाढल्याचा, भांडी घासल्याचा आवाज येत होता, पण तिचा नाही. गप्प बसणं हा इतकी वर्षं माझा प्रांत होता. दुसऱ्यानं केलं की ते कसं लागतं, हे मला माहीतच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं चहा पुढं ठेवला.

"आज पाणी आहे. त्याच्या आत आपांकडं जाऊन या."

"तू येतेस?"

"भिंतीवर चढताना मी होते का बरोबर?"

मी जिना उतरलो. बसून, एकेक पायरी. दोन वर्षांत पहिल्यांदाच शेजारी कुणी नव्हतं. वॉकर तिनं आधीच खाली नेऊन ठेवला होता.

आपा तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगितलं नसतं. त्यांनी चष्मा काढला.

"कितनी देर के वास्ते बंद किए थे?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिट! नौ दिन मैं कळशी से नहाई, सर. मे महिना था." मग त्यांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "और वो चावीवाला. दो साल से उसकी सलाम नै ली मैं. चाय नै पूछी. आप को मालूम था ना?"

"होतं."

"हौ. तो अब आपीच बोलना उसको. मैं नै बोलती."

मी वॉकर पुढं सरकवला. माझ्याकडं कुबड्या आहेत, हा परत घ्या, असं काहीतरी पुटपुटलो.

"वो रख लेव. साहब का वॉकर क्या बिगाडा तुम्हारा?"

चावीवाला सायकलवरून आलाच तेवढ्यात, लांब चावी हँडलला आडवी बांधलेली. मी फाटकाशी उभा राहून त्याला सांगितलं. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवून पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमी व्हय?" तो म्हणाला. "सायन्सचे सर ना तुमी? माझी पोरगी तुमच्याच वर्गात हाय की."

एवढं बोलून तो वॉल्व्हकडं गेला. आतून आपांनी हाक मारली, "ओ चावीवाले, जाते वक्त चाय पी के जाना." तो वळून बघायला तयार नव्हता. त्या दारात उभ्याच राहिल्या.

मी आमच्या फाटकात वळलो तेव्हा जिन्यावरून पाणी वाहत होतं. जुने मॅट सगळे उपटून, नव्या गुंडाळ्यासकट, खाली हौदाच्या झाकणावर टाकलेले. बायको सगळ्यात वरच्या पायरीवर, पदर खोचलेला, हातात बादली. शिळं पाणी तेरा पायऱ्या उड्या मारत उतरत होतं, दोन वर्षांची राख घेऊन. खाली सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. शेजारी दुसरी, पाय टेकवायला.

"झालं बोलून?"

"झालं."

"बसा मग. वाळल्याशिवाय वर यायचं नाही."

मी बसलो, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकला. ऊन कडक होतं, फरशी बघता बघता वाळत होती. वाळत आली की ती आणखी एक बादली ओतायची.